गंगाधरपंतांच्या वाऱ्याचा दाब

गंगाधरपंत कोतवडेकरांचं तेलाचं इंजिन रिकामं असलं की फार गुणी होतं. एकसारखा ताल धरून तासन्‌तास चालायचं. मात्र चक्कीचा पट्टा चढवला आणि वरून मूठभर तांदूळ पडले, की ते दोनदा खोकायचं, काळा उसासा टाकायचं आणि बंद पडायचं. काम दिसताच आजारी पडणारी माणसं पंतांनी फोर्टातल्या आपल्या कचेरीत पुष्कळ पाहिली होती. पण ही विद्या लोखंडाला कुणी शिकवली, हे त्यांना कळेना.

साल अठराशे पंच्याण्णव. इंजिन लालबागेत, शेवंताबाईच्या खानावळीच्या परसात, एका चारचाकी गाड्यावर बसवलेलं होतं. गाड्यावर अशासाठी, की ते बैल जोडून गल्लोगल्ली न्यायचं आणि लोकांच्या दारात उभं राहून दळण दळून द्यायचं, असा पंतांचा आणि त्यांचा मेहुणा जयवंत याचा बेत होता. अजून गाडा परसाबाहेर पडला नव्हता. बैल मात्र ठरवून झाले होते, आणि गाड्याला रंग कोणता द्यायचा यावरून दोघांचं एक भांडणही होऊन गेलं होतं.

शेवंताबाई मूळची मालवणकडची. गिरणीत जाणारी कोकणातली माणसं तिच्याकडे दोन्ही वेळ जेवायची. त्यांच्या भाकऱ्यांचं पीठ सोनूबाई आणि शांती या दोघी जात्यावर दळायच्या. सोनूबाईचा खांदा गेलं वर्षभर दुखत होता. पंतांनी इंजिन आणलं त्या दिवशी शेवंताबाईनं तिला मोठ्या मनानं सांगून टाकलं होतं, की बाई, आता तुझं दळण सुटलं. सोनूबाईनं त्याच दिवशी जात्याचा खुंटा काढून चुलीत घातला. त्यामुळे इंजिन चालणं ही आता नुसती हौसेची गोष्ट राहिली नव्हती. शांती एकटी शेजारच्या जात्यावर जाऊन दळत होती, भाकऱ्या कमी पडत होत्या, आणि जेवणारी माणसं समोरच्या खानावळीकडे बघायला लागली होती.

"पंतानू, ह्या यंत्राक पडसा झालाहा काय ओ?" शेवंताबाईनं एका सकाळी विचारलं. "खोकता नुसता. माका दुपारची पंगत वाढूची आसा."

पडसं हा शब्द पंतांना लागला. पण जयवंताला त्यातून सुचलं. जयवंत गोदीत कामाला होता आणि आगबोटींविषयी त्याला बरंचसं ऐकून माहीत होतं.

"भावोजी, पडसंच आहे," तो म्हणाला. "याला श्वास पुरत नाही. मोठ्या आगबोटींवर भट्टीत पंख्यानं वारा कोंबतात. वारा जास्त, तर जाळ जास्त. जाळ जास्त, तर जोर जास्त. आपण याच्या नाकात वारा भरू."

पंतांनी इंजिनाचं नाक कुठे असतं ते पाहून घेतलं. हवा आत ओढणारं ते एक वाकडं भोक होतं. गल्लीच्या तोंडाशी धर्मा लोहाराचं दुकान होतं. त्याचा चामड्याचा भाता परसात आला, भात्याचं तोंड एका नळीनं इंजिनाच्या नाकाला जोडलं गेलं आणि धर्मानं भाता ओढायला सुरुवात केली. इंजिनाचा आवाज ताबडतोब बदलला, असं जयवंत म्हणाला. पंतांनाही तो बदलल्यासारखा वाटला. धर्मा घामाघूम होऊन भाता दाबत होता, जयवंत ताल धरत होता, पंत घड्याळ काढून उभे होते, आणि चक्की गरगर फिरत होती. इंजिन एकदाही खोकलं नाही.

त्या संध्याकाळी पंत भायखळ्यापर्यंत पायी आले आणि ट्रॅममध्ये बसले, तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थालाही त्यांनी सगळी हकिकत सांगितली. गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरला. त्याचं घर तिथेच असावं, अशी पंतांची समजूत झाली.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण पंत नुसते शहाणे नव्हते, सुशिक्षित होते. गोष्ट झाली एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. ती किती झाली हे त्यांना आकड्यात हवं असे. इंजिनात वारा नेमका किती दाबानं शिरतो, याचा अंदाज काढायला ते गिरगावातल्या आपल्या चाळीच्या गॅलरीत पाटी घेऊन बसले. धर्माला एका वखारीच्या काट्यावर उभा करून त्याचं वजन त्यांनी घेतलंच होतं. ते भरलं एकशे वीस पौंड. भात्याच्या तोंडाचं भोक होतं एक चौरस इंच. पंतांनी एकाला दुसऱ्यानं भागलं. एकानं भागायला काहीच त्रास पडला नाही. उत्तर आलं, दर चौरस इंचाला एकशे वीस पौंड.

"अहो, हे पुष्कळ झालं की थोडं?" रमाबाईंनी आतून विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आगबोटीच्या बॉयलरात साधारण एवढाच असतो," पंत म्हणाले.

हे वाक्य शेजारच्या बिऱ्हाडात तात्यांनी ऐकलं. तात्या जकात खात्यातून पेन्शन घेऊन बसले होते. सल्ला देणं हे त्यांचं उरलेलं एकमेव सरकारी काम असल्यामुळे ते त्यात खंड पडू देत नसत. ते लगेच बाहेर आले, पाटी पाहिली आणि म्हणाले, "गंगाधरपंत, बॉयलर जाड लोखंडाचा असतो. तुमचा भाता बकऱ्याच्या कातड्याचा आहे. याचा विचार केलात?"

पंतांनी तो केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांनी पंतांच्या दारासमोरच्या लोणच्याच्या बरण्या उचलून आत नेल्या. इंजिन लालबागेत आहे, इथे बरण्यांना काय धोका, असं रमाबाईंनी विचारून पाहिलं. त्यावर तात्यांनी, स्फोट काही पत्ता विचारून होत नाही, असं उत्तर दिलं. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पंतांना जिन्यात वाट करून दिली, तीही जरा जास्तच. पंतांना आधी यात आपला मान वाटला. मग तसं वाटेनासं झालं.

तात्या एवढ्यावर थांबले नाहीत. सार्वजनिक कर्तव्य म्हणून ते जातीनं लालबागेकडच्या म्युनिसिपालटीच्या ओव्हरसियरच्या कानावर ही गोष्ट घालून आले. त्यांनी हे पंतांना येऊन सांगितलंही, आणि वर, "तुमच्याच भल्यासाठी," असं म्हणाले.

ओव्हरसियर हे सबनीस नावाचे एक सभ्य, काळा कोट घातलेले गृहस्थ होते. ते परसात आले, गाड्याभोवती फिरले, इंजिनाला टोपी काढून नमस्कार करतील की काय असं वाटण्याइतक्या आदरानं त्यांनी ते न्याहाळलं.

"वाफेच्या बॉयलरला नियम आहे," ते म्हणाले. "हे वाफेचं नाही. म्हणजे तो नियम लागू नाही. पण तुम्ही दाबाचा वारा भरता. वाऱ्याला नियम आहे की नाही, ते मला पाहावं लागेल. ते पाहायचं तर दाब किती, हे कळलं पाहिजे."

"एकशे वीस पौंड," जयवंत अभिमानानं म्हणाला. पंतांनी त्याचा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता.

सबनीस दोन पावलं मागे सरले. "हा अंदाज, की मोजलेला?"

"अंदाज," पंत म्हणाले.

"मग मोजा. पुढच्या सोमवारी मी येतो. तोवर यंत्रात वारा भरू नका. मोजण्यापुरता भरा, पण बेतानं."

दाब मोजायची रीत पंतांनी शाळेत असताना पुस्तकात पाहिली होती. काचेची वाकडी नळी घ्यायची, तिच्यात पाणी घालायचं, एका तोंडानं वारा द्यायचा. दुसऱ्या बाजूला पाणी जेवढं चढेल तेवढा दाब. त्यांनी पुन्हा पाटी घेतली. एकशे वीस पौंडांना पाणी किती चढेल? उत्तर आलं तेव्हा त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा केलं. तेच आलं. नळी जवळपास राजाबाई टॉवरएवढी उंच लागत होती.

"तर मग टॉवरलाच बांधा," तात्या म्हणाले. "युनिव्हर्सिटीत माझ्या साडूची ओळख आहे. परवानगी काढू. एकदा काचेचे तुकडे जोडून घेतले, की—"

"भाता कोण वर नेणार?" रमाबाईंनी विचारलं.

"भाता खालीच राहील, वहिनी. पाणी वर जाईल. वर एक माणूस बसवायचा, तो घंटेच्या खोलीतून ओरडून सांगेल."

या सल्ल्यावर पंतांनी खरोखर एक पूर्ण दुपार विचार केला, ही गोष्ट त्यांनी पुढे कुणालाही सांगितली नाही. शेवटी जयवंतानंच मार्ग काढला. "भावोजी, आधी हातभर नळी लावू. पाणी उडालं तर उडालं. निदान हातभरापेक्षा जास्त आहे एवढं तर कळेल."

ओळखीच्या कंपाउंडरकडून नळी मिळाली. त्यानं ती दिव्यावर वाकवून दिली आणि कशासाठी हवी हे विचारलं नाही, म्हणून पंतांना तो फार सुसंस्कृत वाटला. नळी एका पाटावर उभी बांधली. पाणी नीट दिसावं म्हणून रमाबाईंनी त्यात चिमूटभर कुंकू घातलं. नळी लालबागेत आल्यावर, यंत्राला कुंकू लागलं हे पाहून शेवंताबाईनं हळदही आणून दिली, ती पंतांनी नम्रपणे परत केली.

मोजण्याच्या वेळी परसात गर्दी जमली. तात्या गिरगावाहून मुद्दाम आले होते. धोका असेल तिथे अनुभवी माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. धोका नेमका किती, याचा अंदाज घेऊन ते पाण्याच्या पिंपामागे उभे राहिले. सोनूबाई मात्र दुखरा खांदा शेकत नळीच्या अगदी समोर बसून होती. पंतांनी खूण केली. धर्मानं भाता हळूच दाबला.

लाल पाणी दोन बोटं वर चढलं आणि थांबलं.

"जोरात," पंत म्हणाले.

धर्मा भात्यावर सगळ्या अंगानं रेलला. भात्याच्या शिवणीशिवणीतून सूं सूं असा आवाज आला. पाणी अडीच बोटांपर्यंत गेलं, तिथे जरा थरथरलं आणि पुन्हा दोनावर येऊन बसलं.

पिंपामागून तात्या बाहेर आले, वाकून नळीकडे पाहू लागले आणि म्हणाले, "कुणाची बोटं धरायची, हा प्रश्न आहे. माझी बोटं बारीक आहेत. माझ्या बोटांनी तीन भरतील."

पंतांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एकशे वीस पौंड कुठे आणि दोन बोटं कुठे. नळी तुंबली असणार. दुसरं काही असूच शकत नव्हतं. त्यांनी भात्याची नळी काढली, काचेचं तोंड स्वतःच्या तोंडात धरलं आणि नळी साफ करावी म्हणून एक जोराची फुंकर मारली. तुंबलेलं काहीच नव्हतं. कुंकवाचं पाणी दुसऱ्या तोंडातून उसळलं आणि वाकून पाहणाऱ्या तात्यांच्या पांढऱ्याशुभ्र पागोट्यावर जाऊन बसलं.

"भावोजी," जयवंत म्हणाला, "तुमचा दाब भात्यापेक्षा जास्त आहे."

पंत खानावळीच्या ओट्यावर जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांना आपली चूक कळली. धर्माचं वजन भात्याच्या पाटाएवढ्या रुंद फळीवर पडत होतं. त्याला त्या फळीच्या चौरस इंचांनी भागायला हवं होतं. त्यांनी भागलं होतं तोंडाच्या भोकानं. शिवाय फळीवर जे पडत होतं, त्यातलं निम्मं शिवणीतून निघून जात होतं. गणित सोपं होतं. सोप्या गणितात चुकण्याचं दुःख अवघड गणितात चुकण्यापेक्षा फार मोठं असतं, हे ज्याला माहीत नाही त्यानं पंतांना हसावं.

पण मग इंजिन त्या दिवशी चाललं कसं? दोन बोटं वाऱ्यानं त्याला काय फरक पडणार? पंतांनी सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी तांदूळ कोण घालत होतं? धर्मा भात्यावर होता. जयवंत ताल धरत होता. पंतांच्या हातात घड्याळ होतं. शेवंताबाई म्हणाली, "मिया चुलीकडे होतंय." शांती म्हणाली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तांदूळ कुणीच घातले नव्हते. चक्की सगळा वेळ रिकामी फिरली होती.

घरी गेल्यावर पंत जेवले नाहीत. "विकून टाकतो ते यंत्र," ते म्हणाले. रमाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्या सोनूबाईनं खुंटा जाळला आहे. तिला तोंड कोण दाखवणार? सोमवारपर्यंत काहीतरी करा."

सोमवारपर्यंत जयवंतानं काहीतरी केलं. भाता गळतो ना, मग भाताच नको. त्यानं एक रिकामं पिंप आडवं बसवलं, आत पत्र्याची पाती बसवलेला दांडा घातला, आणि दांड्याला इंजिनाचाच पट्टा जोडला. इंजिन पंखा फिरवणार, पंखा वारा करणार, आणि तो वारा नळीतून इंजिनाच्या नाकात जाणार. इंजिनानं स्वतःलाच वारा घालायचा, ही कल्पना पंतांना जरा स्वार्थीपणाची वाटली. पण मोजल्यावर नळीत पाणी पाच बोटं चढलं, तेही न थरथरता, तेव्हा त्यांनी पाटी जवळ ओढली. त्यांनी पाच बोटांचे इंच केले, इंचांचे पौंड केले, आणि आलेला पौंडाचा बारीकसा अपूर्णांक तीनदा तपासून घेतला. या खेपेला एका आण्याचीही चूक नव्हती.

सोमवारी सबनीस आले. परसाच्या एका कडेला शांती आणि सोनूबाई कांडलेले तांदूळ सुपानं पाखडत होत्या. म्हणजे शांती पाखडत होती आणि सोनूबाई खांदा धरून रास पुढे ढकलत होती. कोंड्यासकट मोठा ढीग पडला होता. सबनीस कोट सांभाळून त्या ढिगाच्या पलीकडे उभे राहिले, कारण तिथे सावली होती.

जयवंतानं इंजिन सुरू केलं. पंख्याचं पिंप घोंगावू लागलं. पंतांनी चक्कीचा पट्टा चढवला. या वेळी तांदूळ घालायला शेवंताबाई स्वतः पायली घेऊन उभी होती. तिनं ते ओतले. इंजिन खोकलं.

"वारा वाढवा," पंत म्हणाले.

जयवंतानं काय ओढलं ते कळलं नाही. इंजिनाच्या नाकावरची नळी सटकली, सापासारखी उसळली आणि जमिनीवर पडून सगळा वारा तांदळाच्या ढिगावर सोडू लागली. कोंड्याचा पिवळट ढग उठला आणि सबनीसांच्या अंगावर गेला. काळा कोट क्षणात दिसेनासा झाला. पंतांनी धावत जाऊन चक्कीचा पट्टा पाडला. तो भार उतरताच इंजिन पुन्हा खुशीत ठक्‌ठक्‌ करू लागलं, आणि पंखा जास्तच जोरानं फिरू लागला. आता इंजिनच बंद करावं म्हणून पंतांनी हात पुढे केला.

"हात लावू नकात," शेवंताबाई म्हणाली.

ती ढिगापाशी वाकली होती. नळीच्या तोंडासमोरचे तांदूळ मोत्यासारखे स्वच्छ उरले होते. कोंडा एकही नव्हता. तो सगळा सबनीसांवर होता. तिनं ओंजळभर तांदूळ उचलून सोनूबाईला दाखवले. सोनूबाईनं सूप घेतलं, नुसतं मांडीवर टेकवलं आणि त्यातले तांदूळ वाऱ्यासमोर हळूहळू सोडले. तांदूळ खाली पडले, कोंडा उडून गेला. खांदा हलवावा लागला नाही. तिनं दुसरं सूप घेतलं. तोवर शांतीनं ओव्हरसियरसाहेबांना हाताला धरून सावलीतून बाजूला उन्हात आणून उभं केलं होतं.

जे काम दोघींना अर्धा दिवस पुरायचं, ते पंगतीच्या आधी उरकलं. पंत नळीचं तोंड धरून उकिडवे बसले होते आणि सोनूबाई, "जरा वर धरा, पंतानू, आता खाली," असं सांगत होती. बाकीचं शेवंताबाईनं दुपारीच जमवून टाकलं. गल्लीतल्या इतर खानावळींचे तांदूळ आपण पाखडून द्यायचे, त्यांनी त्यांच्या जात्यांवर आपलं पीठ दळून द्यायचं. समोरच्या खानावळवालीचे तांदूळ तिसऱ्या प्रहरी सगळ्यांत आधी आले.

सबनीस हे सगळं भिंतीपाशी उभं राहून पाहत होते. कोट झटकून झाल्यावर ते पंतांपाशी आले. पंत उठले, धोतर सारखं केलं आणि पाठ केलेला आकडा सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"एक विचारू?" सबनीस म्हणाले. "आता हा वारा यंत्राच्या आत जात नाही ना?"

"नाही. बाहेर येतो."

"झालं तर मग. बाहेरच्या वाऱ्याशी आमचा काही संबंध नाही. चालू द्या." त्यांनी पंतांचा हात हातात घेतला. "घरी मंडळींना सांगतो, हे एकदा येऊन बघा म्हणून."

"पण दाब—" पंत म्हणाले.

"आता तो नको," सबनीस समजुतीनं म्हणाले आणि निघून गेले.

पंतांनी जयवंताकडे पाहिलं. तो गाड्याला हिरवाच रंग द्यायचा, असं धर्माला सांगत होता. शेवंताबाई संध्याकाळची पंगत वाढत होती. तात्यांना सांगावं, तर ते पागोटं धुवायला टाकल्यापासून बाहेर पडले नव्हते. इतका काटेकोर काढलेला आकडा घेऊन पंत ट्रॅममध्ये बसले आणि गिरगावात उतरले. आपण सुखी आहोत हे त्यांना कळत होतं. पण बूट नवे असावेत आणि कुणी खाली पाहू नये, तसं त्यांना होत होतं.

शेवंताबाईनं बरोबर थोडे तांदूळ बांधून दिले होते. रमाबाईंनी त्याचाच भात टाकला. पंत जेवायला बसले. एकही खडा लागला नाही, कोंडाही नाही. रमाबाईंनी तूप वाढलं आणि पंखा घेऊन समोर बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेवटी किती भरला तो दाब?"

पंतांनी हातातला घास ताटात ठेवला. पाच बोटं पाण्यापासून सुरुवात करून, फळीची रुंदी, भात्याच्या शिवणी, पिंपातली पाती, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. रमाबाई ऐकत होत्या. भात निवत होता. आकड्यापर्यंत आल्यावर पंतांनी तो सांगितला.

"एवढासाच?" रमाबाई म्हणाल्या.

"एवढासाच," पंत म्हणाले. "पण बरोबर आहे." आणि त्यांनी आणखी भात मागितला.